गिझरची अक्कल कुणाकडे?

गोव्यातल्या जुन्या घरांत न्हाणीच्या गरम पाण्याचा कारभार सगळ्यांत आधी उठणाऱ्या माणसाकडे असायचा. चुलीवर भाण, खाली सोडणं, करवंट्या आणि सुकलेली चुडतं. जाळ कधी घालायचा, कधी मागे ओढायचा, कुणाची आंघोळ आधी, कुणाची नंतर, हे सगळं त्या एका डोक्यात असे. जाळ विझला तरी निखाऱ्यांवर पाणी बराच वेळ गरम राही. मग घरोघर गिझर आले, भाणं मोडीत गेली नाहीतर शोभेसाठी अंगणात आली, आणि ती अक्कल एका लाल दिव्यावर आणि 'अरे, गिझर बंद केलास का?' या प्रश्नावर येऊन थांबली.

आता हा प्रश्नही नको म्हणून बाजारात 'स्मार्ट रिले' आले आहेत. काडेपेटीएवढी डबी, स्विचच्या पाठीमागे बसवायची, वाय-फायला जोडायची, आणि मोबाइलवरून गिझर चालू-बंद करायचा. वेळही लावून ठेवता येते. माझं मत आधीच सांगून टाकतो. गिझरला वेळेचं भान द्यायला माझी मुळीच हरकत नाही. पण वीज वाहण्याचं काम त्या डबीचं नाही, सुरक्षेचं तर नाहीच नाही, आणि शेवटचा शब्द घरात राहणाऱ्या माणसाच्या बोटाला असला पाहिजे.

आधी थोडा हिशेब करू. आपल्याकडचा नेहमीचा साठवणीचा गिझर २००० वॉटचा असतो. २३० व्होल्टवर तो साधारण पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. ३००० वॉटचा असेल तर १३ अँपिअर. पंखा-दिवे यापुढे किरकोळ. शिवाय हा भार पाच-दहा मिनिटांचा नाही. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला एक युनिट वीज, म्हणजे २००० वॉटच्या गिझरला अर्धा तास लागतो. घरात चार माणसं असली की दीड-दोन तास सहज.

कुणी म्हणेल, डबीवर तर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, मग अडचण काय? चांगल्या बनावटीची असेल तर पावणेनऊ अँपिअर ती पेलेलही. पण ती बसते कुठे? भिंतीतल्या बंद खोक्यात, जिथे हवा खेळत नाही. त्यात आपली खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा. जोडणीचा स्क्रू जरासा ढिला राहिला की तिथे उष्णता साचते. आणि छोट्या रिलेचा खरा धोका वेगळाच आहे. ठिणग्या पडून पडून त्याचे संपर्क एकमेकांना चिकटतात. मग मोबाइल 'बंद' म्हणतो आणि गिझर चालूच राहतो. १३ अँपिअरच्या गिझरला तर अशा डबीत फारशी सवडही उरत नाही.

यावरचा उपाय जुना आहे आणि कारखान्यांत, पंपघरांत रोज वापरला जातो. त्याचं नाव कॉन्टॅक्टर. हा एक दांडगा स्विच असतो, पण तो हाताने नाही, विजेच्या चुंबकाने मिटतो. स्मार्ट रिलेने फक्त त्या चुंबकाच्या कॉइलला वीज द्यायची. कॉइलला लागते ती वीज अगदी थोडी. गिझरचा सगळा भार कॉन्टॅक्टरच्या रुंद संपर्कांतून जातो. देवळातल्या पालखीचं उदाहरण घ्या. निघायची वेळ झाली हे सांगणारा एक असतो आणि खांदा देणारे वेगळे असतात. निरोप्याच्याच खांद्यावर पालखी दिली तर काय होईल, ते सांगायला नको.

घरगुती वापरासाठी एमसीबीच्याच पट्टीवर बसणारे, २० किंवा २५ अँपिअरचे, दोन खांबांचे कॉन्टॅक्टर मिळतात. दोन खांबांचा घ्यावा, कारण तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. त्याची जागा न्हाणीत नाही, वीज-पेटीत. रचना अशी हवी की रिले बिघडला किंवा वाय-फाय गेलं आणि कॉइलची वीज तुटली, तर गिझर बंदच पडावा. बिघाड झालाच तर गार पाण्याने आंघोळ करण्यापुरता झाला पाहिजे, आग लागण्यापर्यंत जाता कामा नये.

कॉन्टॅक्टरलाही एक खोड आहे, ती आपल्या वाड्यांवरच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. त्याची कॉइल साधारणपणे ठरलेल्या दाबाच्या ८५ टक्क्यांपर्यंत नीट मिटण्याची हमी देते, म्हणजे २३० व्होल्टच्या कॉइलला सुमारे १९५ व्होल्ट. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी दाब त्याहून खाली आला, तर कॉन्टॅक्टर थरथरतो, कर्रकर्र वाजतो आणि संपर्क जाळून घेतो. अशा घरी दाब कमी होताच कॉइल सोडवणारं आणि दाब सावरल्यावर थोडं थांबून जोडणारं उपकरण सोबत लावावं. आवाज येत असेल तर 'चालतंय की' म्हणून सोडून देऊ नये.

आता सुरक्षेबद्दल. गिझरच्या आत थर्मोस्टॅट असतो, तो बिघडला तर तोडणारा थर्मल कटआउट असतो आणि दाब वाढला तर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह असतो. यांतल्या एकालाही वळसा घालून 'तापमान मी मोबाइलवरून बघतो' म्हणणं हा शुद्ध वेडेपणा आहे. बंद भांड्यात पाणी उकळू लागलं तर काय होतं, हे कुकर वापरणाऱ्या कुणालाही विचारा. तसंच ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा आरसीसीबी आणि खरीखुरी अर्थिंग. ज्या घरात अर्थिंगची तार नावापुरती आहे, तिथे पहिला खर्च तिच्यावर व्हावा. स्मार्ट रिले नंतर घ्या, नाहीतर घेऊच नका. आणि वीज वाचवायच्या नादात पाणी दिवसचे दिवस कोमटच ठेवू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. साठवायचं तर ६० अंशांपर्यंत तापवावं आणि न्हाताना गार पाणी मिसळावं.

यातून बिल किती वाचतं? जाहिरातीत सांगतात तितकं नाही. पाणी तापवायला जितकी वीज लागते तितकी लागतेच, त्यात कुणाची हुशारी चालत नाही. वाचते ती फक्त तापलेलं पाणी थंड होताना वाया जाणारी उष्णता. आंघोळीआधी चालू आणि नंतर बंद करणाऱ्या घरात तर ती मुळातच थोडी असते.

मग हा खटाटोप कशासाठी? खरा फायदा तास निवडण्यात आहे. केंद्र सरकारने २०२३ साली वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. स्मार्ट मीटर बसलेल्या ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार दर लावायचा आणि सूर्यप्रकाशाच्या तासांत तो नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा, असं ते नियम सांगतात. शेतीची जोडणी त्यातून वगळली आहे. ज्याच्या घरी हा दर लागू होईल, त्याने दुपारी स्वस्तात पाणी तापवून संध्याकाळी वापरावं. आच्छादन चांगलं असलेला गिझर ही घरातली सगळ्यांत स्वस्त बॅटरी आहे. आपल्या भाणानेही वेगळं काय केलं होतं?

पण ती बॅटरी कुणाच्या हुकमावर चालणार, हे आत्ताच ठरवलेलं बरं. ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बघण्यासारखा आहे. तिथे पूर्वी घरोघर गरम पाण्याच्या मोठ्या टाक्या असत. रात्रीच्या सात तासांच्या स्वस्त विजेची 'इकॉनॉमी सेव्हन' योजना तिथे १९७८ साली आली. पुढे अनेक घरांत हीटर चालू-बंद करण्याचा इशारा बीबीसी रेडिओ फोरच्या लाँग वेव्हवरून, १९८ किलोहर्ट्झवर, पाठवला जाऊ लागला. कित्येक वर्षं ते उत्तम चाललं. मग ती यंत्रणा म्हातारी झाली, आणि जून २०२५च्या अखेरीपासून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. मीटर बदलला नाही तर तुमचं गरम पाणी कायमचं चालू किंवा कायमचं बंद राहू शकेल, असे इशारे लोकांना द्यावे लागले. टाकी धडधाकट होती, हीटरही धडधाकट होता, फक्त निरोप येईनासा होणार होता.

आपल्या डब्यांचा निरोप तर कुठल्यातरी परक्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतो. ती कंपनी पाच वर्षांनी असेल का, हे कोण सांगणार? म्हणून घ्यायचाच असेल तर इंटरनेटशिवाय, घरातल्या घरात चालणारा आणि वेळापत्रक स्वतःकडे ठेवणारा रिले घ्या. निव्वळ वेळ लावायची असेल तर साधं टायमर-घड्याळ आणि कॉन्टॅक्टर पुरेत. त्याला पासवर्ड लागत नाही.

आणि एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गोव्यात आज कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटी राहतात. मुलगा दुबईला, मुलगी लंडनला. सुट्टीत आलेला मुलगा हौसेने आणि काळजीपोटी सगळं मोबाइलवर आणून ठेवतो आणि विमानात बसतो. मग एखाद्या सकाळी वाय-फाय नाही, लेकाचा फोन लागत नाही, आणि सत्तरीतली आई स्वतःच्याच घरात गार पाण्यापुढे उभी. ज्या बाईने जन्मभर अख्ख्या घराचं पाणी तापवलं, तिला आंघोळीसाठी परदेशातून परवानगी घ्यावी लागावी, याला सोय म्हणायचं?

म्हणून कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर एक तीन टप्प्यांचा साधा स्विच बसवून घ्या: 'आपोआप', 'बंद', 'हाताने'. अक्षरं मराठीत आणि मोठी. 'हाताने'वर असतानाही थर्मोस्टॅट आणि कटआउट आपलं काम करतच राहतात. काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि त्याने जोडणीचं चित्र कागदावर काढून वीज-पेटीच्या दारात चिकटवलं आहे ना, ते बघा. त्या स्विचला खर्च फारसा येत नाही. मुलांनो, परत जाण्याआधी तेवढा लावून जा आणि तो कसा फिरवायचा, ते आईला दाखवून जा.