रिकाम्या खोलीतील कसारा घाट

शहापूर व मुरबाडच्या बाजारपेठांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी अनेक घरे आहेत. मुले शिक्षणासाठी किंवा व्यवसायासाठी कल्याण-ठाण्याकडे गेली की वरची एखादी खोली मोकळी होते आणि हळूहळू पोत्यांनी, खोक्यांनी भरत जाते. अशा खोलीत छोट्या रेल्वेची मांडणी उभारण्याचा विचार काही घरांत निघतो. नातवंडे सुट्टीत आली की आजोबांबरोबर बसावीत, हा त्यामागचा खरा हेतू असतो. म्हणूनच मांडणी अर्धवट राहिली तर पैशापेक्षा नातवंडांचा विरस अधिक लागतो. इंजिन आधी येते आणि आराखडा मागून, हे त्या अर्धवटपणाचे नेहमीचे कारण असते.

या छंदाची मजल कोठवर जाते हे पाहायचे असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते वाढले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. आराखडा करण्यापूर्वी सहकुटुंब एकदा तेथे जाऊन यावे. अनेक गाड्या एकमेकींना न अडता कशा धावतात हे तेथे डोळ्यांनी समजते.

शहापूरकरांना विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके तालुक्यातलीच. रेल्वे १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोचली आणि घाट चढून इगतपुरी गाठायला १८६५ साल उजाडले. घाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर असा तीव्र आहे. त्यामुळे कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. गाडीला मागून रेटा देणारे इंजिन हे घाटाचे सर्वांत देखणे दृश्य असून खोलीत तेच आणायचे आहे.

आता हिशेब मांडावा. छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण १:८७ आहे. कसारा ते इगतपुरी हे सुमारे १६ किलोमीटरचे अंतर या प्रमाणात १८० मीटरांहून अधिक भरते. बारा डब्यांची लोकल सुमारे २.९ मीटर लांब होते, म्हणजे १० फुटांची भिंत तिनेच व्यापली. एहेगावचा उंच पूल खऱ्या प्रमाणात केला तर ६० सेंटिमीटरच्या पुढे जातो. सगळेच आणायचे ठरवले तर काहीच बसत नाही. आराखड्याचे पहिले काम काय वगळायचे ते ठरवणे हेच आहे. चार डबे, पुढे एक इंजिन आणि मागे एक बँकर एवढी गाडी दीड मीटरमध्ये बसते आणि पाहणाऱ्याला घाट पुरता पटतो.

एक गोष्ट मात्र प्रमाणाने लहान होत नाही, ती म्हणजे चढ. खोलीतही तो ३७ ला १ असाच राहतो. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर सुमारे ८ सेंटिमीटर उंची लागते आणि तेवढे चढायला जवळपास ३ मीटर लांबी खर्ची पडते. वळणाची त्रिज्या ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नये, म्हणून जेथे गाडी उलट फिरते तेथे फळी १ मीटर रुंद हवी. १२ बाय १० फुटांच्या खोलीत तीन भिंतींना धरून मांडणी करावी. दाराकडच्या दोन्ही टोकांना वळणे दिली, तरी मध्ये १ मीटर वाट उरते. चढ मागच्या भिंतीपासूनच सुरू करावा लागतो. इतरत्र फळी ६० सेंटिमीटरहून रुंद नसावी, कारण रुळावरून घसरलेला डबा उचलायला हात पोचला पाहिजे. हे सर्व आधी चौकटीच्या कागदावर काढावे, मग खडूने जमिनीवर आखून पाहावे. खडू पुसायला काही लागत नाही.

सामान घेताना आपल्या पावसाचा विचार हवा. प्लायवूड दोन्ही बाजूंनी रंगवावे, नाहीतर चार महिन्यांच्या दमटपणात ते वाकते. लोखंडी रूळ गंजतात, म्हणून निकेल, तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे रूळ घ्यावेत. फळी ओल्या भिंतीपासून चार बोटे दूर आणि पायांवर उंच ठेवली की वाळवीला वाट मिळत नाही आणि पुढे औषध मारून जीवहत्या करण्याची वेळ येत नाही. जुना सुतारी सरस प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतो. त्याऐवजी पांढरा कृत्रिम गोंद वापरावा. बारीक चाळलेली खडी त्याच गोंदात पाणी घालून बसवता येते.

मुरबाडच्या घरांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. गावात रूळ यावेत ही मागणी अनेक वर्षांची आहे. तेथील माणसाला गाडी पकडायची तर आधी रस्त्याने कल्याण गाठावे लागते. तेथे आठवणीतला घाट उभारण्याऐवजी मनातले स्थानक उभारता येईल. शेवटच्या स्थानकाला फारशी जागा लागत नाही. एका भिंतीवर ४० सेंटिमीटर रुंदीची फळी, दोन फलाट, दोन सांधे आणि पडद्याआड गाड्या थांबवण्यासाठी थोडी जागा एवढ्यात ते होते. कल्याणहून आलेली गाडी मुरबाडच्या फलाटावर कोणत्या बाजूने शिरेल, माल कोठे उतरेल, बाजाराकडे रस्ता कोठून निघेल, यावर आजोबा आणि नातू तासन्‌तास वाद घालू शकतात.

खर्चाची बाजू व्यापारी घरांना सांगायला नको. भारतीय नमुन्याची तयार इंजिने थोडी मिळतात आणि महाग असतात. म्हणून काम टप्प्यांत वाटावे आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी वही ठेवावी. पहिला टप्पा एक फेरा, एक फलाट आणि एक गाडी एवढाच असावा आणि तो दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चालू व्हावा. घाट पुढच्या वर्षी चढला तरी चालेल. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला धावती गाडी दिसली, तर पुढच्या टप्प्याची फळी धरायला तो आपण होऊन येतो.