चिंबोरीची जात ओळखल्यावांचून तळें बांधूं नये

खाडीकांठच्या खारजमिनींत चिंबोऱ्या पाळाव्यात, अशी शिफारस अलीकडे पुष्कळ ठिकाणीं ऐकूं येते. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या साहाय्यानें गांवकऱ्यांच्या गटांनीं हा धंदा चालविला आहे, व तो वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, भाताचें बीं घेतांना जो शेतकरी वाणाचें नांव चारदां विचारतो, तोच चिंबोरीचीं पिलें घेतांना ‘चिंबोरी ती चिंबोरी’ असें समजून पैसे मोजतो.

आपल्या देशांतील खाड्यांच्या चिखलांत हिच्या दोन जाती आढळतात. एक मोठी व हिरवट. तिला शास्त्रज्ञ सायला सेराटा म्हणतात. दुसरी लहान, तांबूस डेंग्यांची. ती सायला ऑलिव्हेशिया. दोघींचाही शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो आणि कवचाच्या कडेला दोन्ही बाजूंस नऊ-नऊ दांत असतात. म्हणून दांत मोजून कांहीं कळत नाहीं. डेंग्याच्या मनगटाची बाहेरची बाजू पाहावी. तेथें दोन ठसठशीत कांटे असल्यास ती हिरवी; कांट्यांऐवजीं नुसता बोथट उंचवटा असल्यास तांबूस. हिरवीच्या सर्व पायांवर जाळीसारखी नक्षी असते, तांबडीच्या पायांवर ती नसते. अगदीं बारीक पिलांत मात्र ही पारख कठीण आहे.

नांवांचा हा घोळ शेतकऱ्यानें घातलेला नाहीं. फोर्स्काल ह्याचें पहिलें वर्णन सन १७७५ त छापलें गेलें. सन १९४९ त एस्टाम्पाडोर ह्यानें फिलिपाइन्स बेटांतील चिंबोऱ्यांच्या तीन जाती व एक पोटजात मानली. सन १९६० त स्टीफन्सन व कॅम्बेल ह्यांनीं त्या सर्व एकाच नांवाखालीं घातल्या. चार भावांच्या जमिनी एका खात्यावर चढवाव्या तसाच हा प्रकार झाला, व असल्या नोंदींतून पुढें काय निपजतें हें आम्ही दफ्तरांत पुरेपूर पाहिलें आहे. अखेर सन १९९८ त कीनन, डेव्ही व मान ह्यांनीं चार जाती वेगळ्या काढल्या. मधल्या काळांत आपल्याकडील लेखांत लहान तांबड्या जातीलाच ‘सेराटा’ म्हटलें गेलें. तेव्हां जुनी पुस्तिका वाचून कोणी ‘सेराटा’ मागितली, तर मनांत एक व तळ्यांत दुसरी असें होण्याचा संभव आहे.

ह्यांत नुकसान कोठें? हिरवी दोन किलोंपर्यंत व त्याहूनही वाढते. तांबडी किलोच्या फार पुढें सहसा जात नाहीं. तिला हिरवीचें पिलूं समजून महिनोगणती मासळी चारणारा मनुष्य न येणाऱ्या पिकाची वाट पाहात बसतो. ह्याहून मोठी गोष्ट बांधाची. हिरवी बहुधा मोकळ्या पाण्यांत राहते, तांबडी बिळें करते. भरतीचें पाणी एकदां बिळांतून आंत शिरूं लागलें म्हणजे बांध फुटण्यास उशीर लागत नाहीं, आणि मग शेजाऱ्याचें भातही खारें होतें. सामाईक बांधालगत तांबडी पाळूं देऊं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पिलें तळ्यांतच निपजतील ही आशाही व्यर्थ होय. मादी अंडीं घालण्यास समुद्रांत जाते. अंडीं लाखांनीं असतात, पण त्यांतून निघालेला जीव पांच अवस्था खऱ्या खाऱ्या पाण्यांत काढून, सहावींत डेंगे फुटल्यावर, किनाऱ्याकडे वळतो. म्हणून अंड्यांची मादी बाजारांत नेणें म्हणजे पुढच्या सालचें बीं विकून खाणें. उबवणी केंद्रांतून पिलें मिळतात, तीं घ्यावींत. मात्र पावतीवर जातीचें नांव लिहून घेतल्यावांचून रक्कम देऊं नये. आपल्या सोसायट्यांनीं अशी पावती छापून ठेवल्यास चार आण्यांचाही खर्च वाढणार नाहीं.