अजिंक्यला दिलं, ते चुकलं का?

डोंबिवलीतल्या क्रिकेटवेड्यांचा एक वाद सहा वर्षांत मिटलेला नाही. आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेला दिल्ली कॅपिटल्सकडे दिलं आणि बदल्यात मयांक मार्कंडे व राहुल तेवतिया यांना घेतलं. हा सौदा शहाणपणाचा होता का? नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला गेला, रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला आले, आणि फास्ट लोकलच्या डब्यात, फडके रोडच्या कट्ट्यावर तोच जुना प्रश्न नव्याने निघाला. ‘राजस्थानने घरचा माणूस दिला, आता दुसराही दिला,’ असा एकूण सूर.

या वादात माझी बाजू डोंबिवलीत फारशी कुणाला रुचत नाही, तरी ती मांडतो. राजस्थानचा निर्णय बरोबर होता. चुकली ती दिल्ली.

आधी २०१९ ची परिस्थिती आठवू. रहाणे २०११ पासून राजस्थानचा. संघावर बंदी आली ती दोन वर्षं तो पुण्याकडून खेळला आणि परत आला. २०१८ मध्ये स्टीव्ह स्मिथवर बंदी आल्यावर कर्णधारपदही त्याच्याकडे आलं. पुढच्याच हंगामात, २० एप्रिल २०१९ रोजी, ऐन स्पर्धेत ते काढून स्मिथला देण्यात आलं. दोनच दिवसांनी जयपूरमध्ये दिल्लीविरुद्ध रहाणेने ६३ चेंडूंत नाबाद १०५ धावा केल्या. त्या खेळीत मानी माणसाचं उत्तर होतं. पण १९१ धावा करूनही राजस्थान हरलं, कारण ऋषभ पंतने ३६ चेंडूंत नाबाद ७८ धावा कुटल्या. दुखणं याच सामन्यात उघडं पडलं होतं. राजस्थानकडे वरच्या फळीत बटलर, सॅमसन, स्मिथ, स्टोक्स अशी रांग होती. नव्हता तो खालच्या क्रमांकावर येऊन षटकार मारणारा आणि दोन-तीन षटकं टाकून देणारा भारतीय खेळाडू. ही जागा परदेशी खेळाडूने भरायची, तर अकरातल्या चार परदेशींपैकी एक जागा खर्ची पडते.

तेवतिया ती जागा भरण्यासाठी आला. २७ सप्टेंबर २०२० ची शारजातली रात्र कुणी विसरलेलं नाही. २२४ धावांचा पाठलाग. तेवतियाच्या पहिल्या २३ चेंडूंत जेमतेम १७ धावा, आणि मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार. शेवटी ३१ चेंडूंत ५३. त्या हंगामात त्याने २५५ धावा केल्या आणि १० बळी घेतले.

आता दिल्लीकडे पाहू. शिखर धवन, पृथ्वी शॉ, श्रेयस अय्यर, ऋषभ पंत हे सगळे तिथे आधीच होते. रहाणेला खेळवायचं कुठे, याचं उत्तर त्याला घेण्याआधी कुणी शोधलेलं दिसत नाही. तो नऊ सामने खेळला, धावा झाल्या ११३. त्यातल्या ६० एकाच डावातल्या. २ नोव्हेंबरला अबू धाबीत बेंगळुरूविरुद्ध जिंकायलाच हवं अशा सामन्यात त्या आल्या आणि दिल्लीचं दुसरं स्थान पक्कं झालं. पुढे दिल्ली पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचली.

वाद रंगतो तो इथेच. ज्यांनी हा सौदा ‘जिंकला’ असं आपण म्हणतो, ते राजस्थान त्या वर्षी तक्त्यात तळाला. ज्यांनी ‘हरला’, ती दिल्ली अंतिम फेरीत. मग खरं काय मानायचं?

माझ्या मते गुणतक्ता हातात घेऊन अदलाबदलीचा न्याय करणं चूक आहे. तक्ता अकरा जणांच्या खेळावर ठरतो. अदलाबदल एका जागेची असते, तिचा न्याय त्या जागेपुरता व्हायला हवा. विचारायचं ते एवढंच: देणाऱ्याकडे कोणती जागा रिकामी होती, आलेला खेळाडू ती भरतो का, आणि गेलेल्याला नव्या घरात जागा आहे का? राजस्थान पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होतं. दिल्ली तिसऱ्यात नापास होते, आणि त्याची किंमत रहाणेने मोजली.

काळाच्या कसोटीवरही घाईने निकाल देऊ नये. २०१८ च्या अखेरीस हैदराबादने धवनला दिल्लीला दिलं आणि विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा यांना घेतलं. धवनने दिल्लीसाठी पहिल्या दोन हंगामांत ५२१ आणि ६१८ धावा केल्या. दोन वर्षं दिल्लीने बाजी मारली असंच सगळे म्हणत होते. त्या तिघांतला तेव्हाचा कोवळा पोरगा अभिषेक पुढे हैदराबादचा सलामीवीर झाला आणि २०२५ मध्ये त्याने पंजाबविरुद्ध १४१ धावा ठोकल्या. मधल्या लिलावात हैदराबादला त्याच्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले, हे खरं. तरी त्याला ओळखलं आणि वाढवलं ते त्यांनीच.

रहाणेचं पुढे काय झालं, ते तर या वादातलं सगळ्यात मोलाचं साक्षीपत्र आहे. दिल्लीत तो संपला असं म्हणणाऱ्यांना त्याने आधी डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला ११२ धावांनी उत्तर दिलं. ॲडलेडच्या कसोटीत ३६ धावांत कोसळलेला भारतीय संघ त्याच्या नेतृत्वाखाली मालिका २-१ ने जिंकून आला. मग २०२३ च्या हंगामासाठी चेन्नईने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. मोईन अली आजारी पडला म्हणून वानखेडेवर मुंबईविरुद्ध त्याला संधी मिळाली आणि १९ चेंडूंत अर्धशतक आलं. त्या हंगामात ३२६ धावा, स्ट्राइक रेट १७२ च्या पुढे, आणि शेवटी विजेतेपद. त्याच संघात कल्याणचा तुषार देशपांडे २१ बळी घेऊन उभा होता. हे दोघे २०२० मध्ये दिल्लीच्या संघातही एकत्र होते. तिथे दोघांनाही जम बसवता आला नाही. चेन्नईने एकाला तिसऱ्या क्रमांकावर मोकळेपणाने खेळायला सांगितलं आणि दुसऱ्याच्या हाती सामन्यागणिक चेंडू दिला. खेळाडू तेच, काम मात्र नेमून दिलेलं.

म्हणून मी डोंबिवलीकरांना सांगतो, तुमचा राग रास्त आहे, पत्ता चुकतो आहे. राग का येतो, हेही मला ठाऊक आहे. रिक्षा परवडत नाही म्हणून आई एका हातावर धाकटं मूल आणि दुसऱ्या हातात किटची बॅग घेऊन चालत सरावाला न्यायची, हे रहाणेने स्वतः सांगितलेलं आहे. स. वा. जोशी शाळेतून निघालेला मुलगा लॉर्ड्सवर शतक करतो, तेव्हा गर्दीच्या गाडीतून किटबॅग घेऊन जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईबापांना बळ येतं. अशा माणसाचं नाव दोन नावांच्या बदल्यात यादीत आलं की ते अपमानासारखं लागतं.

हीच जखम २०२३ मध्ये जास्त खोल झाली. मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरातकडून परत आणलं आणि १५ डिसेंबरला रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केलं. रोहित आजोबांकडे बोरिवलीत वाढला, पण त्याचे आईवडील डोंबिवलीत एका खोलीच्या घरात राहत आणि सुट्टीला तो तिथे येई. त्यामुळे इथे ही घरचीच गोष्ट झाली. हार्दिकला आणणं हा सौदा मला आजही योग्य वाटतो. कर्णधार म्हणून गुजरातला पहिल्याच वर्षी विजेतेपद आणि दुसऱ्या वर्षी अंतिम फेरी देणारा भारतीय अष्टपैलू बाजारात सहज मिळत नाही. चुकलं ते सांगण्यात. पाच विजेतेपदं देणाऱ्या कर्णधाराचा वारसा कसा सोपवला जातो आहे, हे चाहत्यांना आधी विश्वासात घेऊन सांगायला हवं होतं. २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी चार सामने जिंकून तळाला गेली आणि हार्दिकला घरच्याच मैदानावर हुर्यो सोसावी लागली. प्रेक्षकांना थांबा म्हणून खूण करणारा रोहितच होता. २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक रोहितने हार्दिकच्याच हाती दिलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये डॅलसने २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस घेतला. आठ महिन्यांपूर्वी त्याच लुकाने संघाला अंतिम फेरीत नेलं होतं. त्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. बचाव मजबूत करायचा आहे, असं व्यवस्थापक निको हॅरिसन सांगत राहिले, पण प्रेक्षकांनी सामन्यासामन्याला त्यांच्या हकालपट्टीच्या घोषणा दिल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची नोकरी गेली. माझ्या तीन प्रश्नांवर तो सौदा पहिल्याच प्रश्नाला अडतो: डॅलसकडे जी जागा भक्कम होती, तीच त्यांनी रिकामी केली.

आयपीएलमध्ये निदान खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होत नाही. ती अट जपलीच पाहिजे आणि तिच्या जोडीला आणखी एक दंडक हवा. संघाने अदलाबदल जाहीर करताना प्रशिक्षकाने समोर येऊन सांगावं, की या खेळाडूला आम्ही कोणत्या कामासाठी घेतो आहोत. दिल्लीला २०१९ मध्ये हे सांगावं लागलं असतं, तर रहाणेसाठी काम ठरलेलं नाही हे त्यांच्याच लक्षात आलं असतं. आणि आपण चाहत्यांनी पुढच्या खेपेला भाव किती, कुणाला किती मिळाले, यावर घसा कोरडा करण्याआधी तेच विचारावं: त्याला खेळवणार कुठे? उत्तर मिळालं नाही, तर आरडाओरडा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तो मैदानात उभ्या असलेल्या खेळाडूवर मात्र करू नये.