मोबाईलची भूक आणि गाडीची बॅटरी



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास आमचा पुतण्या दारात उभा. "नाना, गाडी चालू होईना. जरा ढकलू लागता का?" पोरगा सुपा एमआयडीसीत कंत्राटावर आहे. पारनेरहून रोजचे जाणे-येणे मोटारसायकलवर. गाडी नवी, तिला किकच नाही. सेल्फ दाबला की नुसती टकटक. ढकलूनही दाद देईना. बॅटरीवाल्याचे दुकान उघडेपर्यंत पाळी चुकली आणि दिवसाचा रोज बुडाला.

खोदून विचारले तेव्हा कळले, रात्री लाईट नव्हती म्हणून त्याने गाडीच्या चार्जरला पॉवर बँक लावून ठेवली होती. चार्जरची वायर थेट बॅटरीला जोडलेली. चावी काढली तरी करंट चालूच!

"एवढ्याशा डबीने गाडीची बॅटरी कशी संपंल, नाना?" हा त्याचा प्रश्न. आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, 4 अँपिअर-तासांची. गुणाकार 48 वॉट-तास. पॉवर बँकेवर छापले होते 20,000 मिलीअँपिअर-तास, म्हणजे 20 अँपिअर-तास. आतल्या सेलचे व्होल्टेज 3.7. गुणाकार 74! हातात मावणारी डबी गाडीच्या बॅटरीपेक्षा मोठी निघाली. 5,000 चा साधा मोबाईलसुद्धा 19 वॉट-तासांच्या आसपास खातो. शिवाय सेल्फ फिरवायला बॅटरीत दम शिल्लक लागतो तो वेगळाच.

इंजिन चालू असेल तर गोष्ट निराळी. तेव्हा गाडी स्वतःच वीज तयार करते. मोबाईलचा 5 व्होल्ट, 2 अँपिअरचा चार्जर 10 वॉट घेतो, म्हणजे बॅटरीकडून जेमतेम एक अँपिअर. सुप्याहून पुण्याकडे सरळ रस्त्याने निघालात तर गाडीला ते जाणवतही नाही. मात्र 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर दिवसाही पेटलेला असतो. पुण्याच्या गर्दीत गाडी रेंगाळत चालली की वीज कमी तयार होते आणि दिव्याचा खर्च तोच राहतो. पार्सल पोचवणारी आपली मुले दिवसभर अशीच फिरतात. मोबाईल बंद पडला तर ऑर्डर गेली, आणि गाडी बंद पडली तर सगळाच धंदा गेला.

पुतण्याच्या गाडीची सीट काढली तेव्हा दुसरी भानगड दिसली. वायरला फ्यूज नव्हता. हँडल वळते तिथे घासून वायरचे प्लास्टिक सोलले होते. तांबे गाडीच्या लोखंडाला टेकले असते तर वायर लाल झाली असती, आणि वर पेट्रोलची टाकी! फ्यूज मोबाईलसाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. तो बॅटरीच्या अगदी जवळ, 3 अँपिअरचा बसवून घ्यावा. चार्जरची जोडणी चावीनंतरच्या वायरवरून करावी, म्हणजे चावी काढली की सगळे बंद. वायरला हँडलपाशी थोडी ढील ठेवावी, सॉकेटला पावसासाठी रबरी झाकण असावे. ऑटो इलेक्ट्रिशियनला "फ्यूज कुठे बसवला, दाखवा" असे विचारायला लाजू नका. पैसे आपण देतो.

खरे सांगायचे तर रोज तास-दोन तासांचा प्रवास असेल त्याने गाडीला हात लावूच नये. लाईट असेल तेव्हा घरीच पॉवर बँक भरावी आणि पिशवीत टाकावी. मोबाईल हँडलवर लावायची हौसही आवरावी. इंजिनाच्या हादऱ्याने कॅमेरा बिघडू शकतो, असे खुद्द अ‍ॅपल कंपनीने 2021 मध्ये आपल्या फोनबाबत कळवले होते. आणि गाडी चालवताना हातात फोन धरला तर दंड आहेच.

पुतण्याने फ्यूज बसवून घेतला आहे. पॉवर बँक आता घरच्या भिंतीवर चार्ज होते. ती कधी लावायची, हे मात्र अजून लाईटवाले ठरवतात.