पेशवाई बुडाल्यानंतरचं पेशवेकालीन पिस्तूल

सदाशिव पेठेत माझ्या मामांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत एक ठासणीचं पिस्तूल आहे. खाली चिठ्ठी: ‘पेशवेकालीन’. पाहुण्यांना चहाच्या आधी त्याचं दर्शन घडतं. शाळेत मीही त्यावर भरपूर भाव खाल्ला.

गेल्या दिवाळीत ते नीट पाहिलं. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटी पोकळ खुंटी आहे. तिच्यावर तांब्याची टोपी, म्हणजे केप बसवायची. घोडा आपटला की केप फुटते आणि आतली दारू पेटते. ही तांब्याची केप युरोपात रुळली १८२०च्या दशकात. पेशवाई संपली १८१८मध्ये. बाजीरावाच्या काळात पिस्तुलाला गारगोटीचा चाप असायचा.

“नंतर बदललं असेल,” मामा म्हणाले. तसं करत असत, खरंय. पण मग जुना चाप काढल्याच्या, भोकं बुजवल्याच्या खुणा बाजूला दिसतात. इथे एकही नाही.

“एवढा काय फरक पडतो रे?”

पडतो, मामा. १८७८च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल बाळगायला बंदी केली. युरोपियनांना सूट होती. १८९७मध्ये गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, ती याच बंदीच्या काळात. मग हे पिस्तूल कुणाचं? गोऱ्या अधिकाऱ्याचं, परवानेवाल्या सरदाराचं, की माळ्यावर लपवलेलं? तीस वर्षांपूर्वी विकणाऱ्याने एक शब्द चिकटवला, किंमत वाढवली आणि हा प्रश्नच मारून टाकला. आपण तो शब्द आनंदाने विकत घेतला. पेशव्यांचं नाव नसेल तर आपल्याला आपलाच इतिहास नको असतो.

‘जुनं आहे, परवाना लागत नाही’ असं सरसकट गृहीत धरणं त्याहून धोक्याचं. १९५९च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ नुसत्या वयाला सूट देत नाही. त्या कलमाखाली हत्यार दुरुस्त करूनही चालणार नसेल, तरच सूट. मामांच्या पिस्तुलाचा घोडा अजून खाडकन पडतो.

तुमच्या घरी असं काही असेल तर आजी-आजोबांना आजच विचारा: कुणाकडून आलं, कधी आलं? लिहून ठेवा.

मी चिठ्ठी बदलली आहे: ‘केपाचं पिस्तूल. पेशवाईनंतरचं. मूळ मालकाचा शोध चालू.’ मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत. पण त्यांनी ती काढलेलीही नाही.