विष नको, भोक बुजवा!

मंडळी, इथे कॅलिफोर्नियात आमच्या घराला क्रॉल स्पेस आहे, म्हणजे लाकडी जमिनीखालची जेमतेम तीन फुटी पोकळी. वर माझी लेक रांगते, खाली उंदीर. रात्री खुडबुड ऐकू आली की जो तो एकच सल्ला देतो, विष टाक! पेस्ट कंट्रोलवालाही दर महिन्याला विषाचे डबे भरून, पैसे घेऊन जातो. भोक मात्र तसंच!

अहो, प्रोग्रॅम रोज क्रॅश होतो म्हणून रोज नुसता रीस्टार्ट करतो का आपण? मग इथेच बग का सोडून द्यायचा?

विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतो. त्याला घुबडाने खाल्लं तर घुबडही मरू शकतं. नाहीतर तो तिथेच मरतो आणि घरभर घाण वास. उगाच नाही कॅलिफोर्नियाने २०२० साली कायदा करून सगळ्यात जहाल विषांचा बहुतेक वापर बंद केला!

छोट्या उंदराला पाव इंच फट पुरते, मोठ्याला अर्धा इंच. तेव्हा टॉर्च घ्या आणि घराभोवती फिरा. पाइप, वायरी आत शिरतात तिथे स्टील वूल कोंबून वर सीलंट लावा. नुसता फोम नको, तो ते कुरतडतात. झरोक्यांना पाव इंची लोखंडी जाळी. आत राहिलेल्यांसाठी साधे सापळे.

एका शनिवारचं काम आहे. पण नाही, आपल्याला दरमहा चेक फाडणं सोपं वाटतं! असो.