गुवाहाटी दिसली, गल्ली दिसली नाही

जून 2022 मध्ये महाराष्ट्रातलं सरकार पडलं, ते मस्कतमधल्या आम्ही मराठी मंडळींनी क्रिकेटच्या फायनलसारखं पाहिलं. शिवसेनेतले बंडखोर आमदार घेऊन एकनाथ शिंदे आधी सुरतेला, मग गुवाहाटीला. 29 तारखेच्या रात्री उद्धव ठाकरेंचा राजीनामा, दुसऱ्या दिवशी शिंदेंचा शपथविधी. राधानगरीचे आमदार प्रकाश आबिटकरही गुवाहाटीला गेल्यावर आम्हा कोल्हापूरकरांना तर चेवच चढला. रूमवर एक सांगलीचा, एक नांदेडचा आणि मी. आमटी गार व्हायची, पण गद्दार कोण आणि खरी शिवसेना कुणाची, याचा निकाल काही लागायचा नाही.

त्याच दिवसांत आई फोनवर वेगळंच सांगत होती. गल्लीच्या तोंडाशी पोरं गाड्या सुसाट हाणतात, तिथे तिला स्पीडब्रेकर हवा होता. ती माजी नगरसेवकाकडे गेली. तो म्हणाला, "काकी, बसा, चहा घ्या. पण माझ्या सहीला आता कोण विचारतंय?" आईने मला विचारलं, "मग सांगायचं तरी कुणाला रे?" राजकारणावर तासन् तास बोलणाऱ्या मला याचं उत्तर देता येईना.

कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. मुंबईतही मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यापासून हेच. आधी करोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, मग प्रभागरचना. एका सरकारने केलेली रचना दुसऱ्याने येऊन बदलली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात अडकलं. राज्यघटनेचं कलम 243-यू तर सांगतं, की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. या काळात राज्याने तीन मुख्यमंत्री पाहिले, दोन पक्ष फुटले, धनुष्यबाण आणि घड्याळ ही चिन्हं कुणाची याचे निर्णय झाले. कोल्हापुरात मात्र एकही नगरसेवक नव्हता; महापालिकेचे आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते.

प्रशासकाच्या काळात कामंच झाली नाहीत, असं नव्हे. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात पोचलं, ते प्रशासक असतानाच. पण स्पीडब्रेकर कुठल्या कोपऱ्यावर हवा, हे सांगायला माणूस गल्लीतलाच लागतो. त्याला सकाळी सात वाजता दारात जाऊन शिव्या घालता येतात आणि पुढच्या वेळी पाडता येतं. आयुक्तांची बदली होते. त्यांना पाडता येत नाही.

परदेशातून हे दिसत नाही, कारण न झालेल्या निवडणुकीचा व्हिडिओ निघत नाही. हॉटेल, विमान, शपथविधी हे सगळं आमच्या मोबाइलवर येऊन पडतं. रिकामी खुर्ची कोण दाखवणार? मतदानाचा हक्क आम्हाला आहे, पण त्यासाठी पासपोर्ट घेऊन गावाकडच्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. 2024 च्या लोकसभेला देशभरात नोंदवलेल्या सुमारे 1 लाख 19 हजार परदेशस्थ मतदारांपैकी तीन हजारसुद्धा पोचले नाहीत. म्हणजे आमच्या मताला वजन जवळपास नाहीच. वजन आहे ते घरी धाडलेल्या पैशाला आणि आमच्या आवाजाला.

तो आवाज नीट जागी लावावा, एवढंच माझं म्हणणं. नेते आखातात येतात तेव्हा आपण हारतुरे देतो, फोटो काढतो आणि पक्षफुटीबद्दल विचारतो. त्याचं उत्तर त्यांना तोंडपाठ असतं. त्यापेक्षा विचारावं, की मुदतीत निवडणूक न घेणाऱ्यावर कारवाई काय होणार, आणि ती तरतूद कायद्यात कधी करणार? याचं उत्तर कुठल्याच पक्षाने पाठ केलेलं नाही. कारण निवडणुकीविना गेलेल्या त्या पाच वर्षांत आलटूनपालटून सगळेच मोठे पक्ष सत्तेत होते.